आमची वाटचाल : नौकेवरचा कॅमेरा आणि मासळीचा हिशेब

आमचा मूळ धंदा रत्नागिरीतील दुकाने आणि गोदामे यांना सीसीटीव्ही बसवून देण्याचा. तिथल्याच मिरकरवाडा बंदरातील एक मासळी निर्यातदार आमचे जुने ग्राहक होते. परदेशी खरेदीदार आता मासळी कोठे आणि कोणत्या जाळ्यात सापडली याचा पुरावा मागतात, ही अडचण त्यांनीच आमच्यापुढे मांडली. युरोपीय संघात 2010 पासून समुद्री मासळीला पकड-प्रमाणपत्र लागते, आणि त्या प्रमाणपत्रातला तपशील अखेर तांडेल, म्हणजे नौकेचा प्रमुख, बंदरात आल्यावर आठवून जे सांगेल त्यावरच उभा असतो.

परदेशात यावर उपाय निघालेला होता. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात गळाने तळमासळी पकडणाऱ्या नौकांवर 2006 पासून कॅमेऱ्यांची देखरेख आहे. मात्र तेथे सारे चित्रण कोणी पाहत बसत नाही, त्यातला सुमारे दहा टक्के भाग चिठ्ठी काढल्यासारखा निवडून नोंदवहीशी ताडून पाहतात. आपण हे पाहण्याचे काम संगणकाकडे सोपवू आणि माणसाने फक्त शंकेच्या जागा तपासाव्यात, असा आमचा विचार होता.

यंत्रणा सांगायला सोपी आहे. जाळे ओढणारी विंच फिरू लागली की कॅमेरा सुरू होतो, मासळी निवडण्याच्या जागेचे चित्रण होते, नौकेवरचा छोटा संगणक जात ओळखून लांबी मोजतो आणि बंदराजवळ मोबाइलची रेंज मिळताच केवळ आकडे पाठवतो. प्रत्यक्षात मात्र खाऱ्या हवेने वायरींचे जोड खाल्ले, काचेवर खवले चिकटले आणि दुपारच्या उन्हात पापलेटच्या चंदेरी अंगावरून परतणाऱ्या झळाळीने संगणकाला मासा आणि ओला पत्रा यांतला फरक कळेना. निवडण्याच्या जागेवर ताडपत्रीची सावली करणे आणि खाली काळा मॅट रबर अंथरणे, एवढ्या दोन साध्या गोष्टींनी जो फरक पडला तो महागड्या कॅमेऱ्यानेही पडला नव्हता.

लांबीचे महत्त्व 2023 मध्ये एकदम वाढले. महाराष्ट्र शासनाने 54 जातींसाठी किमान कायदेशीर आकारमान ठरवून दिले; त्यात पापलेट 135 मिलिमीटर आणि सुरमई 370 मिलिमीटर आहे. पापलेटची शेपटी खोल दुभंगलेली असते, तिचा खालचा फाटा लांब असतो आणि जाळ्यात तोच आधी तुटतो. त्यामुळे आमची प्रणाली शेपटीच्या खाचेपर्यंतची आणि टोकापर्यंतची अशी दोन्ही मापे नोंदवते, आणि टोक तुटलेले दिसले तर तसा शेरा मारते. माप काढण्यासाठी वेगळी पट्टी ठेवलेली नाही. क्रेटची लांबी ठाऊक असते, तीच प्रमाण धरतो. ट्रॉलरवरच्या कुट्याच्या, म्हणजे कमी किमतीच्या बारीक मिश्र मासळीच्या, ढिगापुढे मात्र कृत्रिम बुद्धिमत्ताही हात टेकते, कारण वरचा थर दिसतो आणि खालचा दिसत नाही. तेथे आम्ही क्रेट मोजतो, नमुन्याचे एक घमेले पसरून त्यातील पिल्लांचे प्रमाण काढतो आणि तो अंदाज आहे असे अहवालात स्पष्ट लिहितो. प्रत्येक मासा मोजल्याचा दावा करणाऱ्या विक्रेत्याला हा ढीग अवश्य दाखवावा.

तांडेल मंडळींचा विरोध होणार हे आम्ही धरूनच चाललो होतो, पण त्याचे कारण आम्हाला वाटले होते त्याहून वेगळे निघाले. मत्स्य विभागाच्या कारवाईपेक्षा त्यांना मासळीची जागा फुटण्याची धास्ती जास्त होती. वर्षानुवर्षे हेरून ठेवलेल्या जागेचे अक्षांश-रेखांश शेजारच्या नौकेच्या हाती लागले तर हंगाम गेलाच, हे त्यांचे म्हणणे रास्त होते. तेव्हापासून नेमके स्थान नौकामालकाच्या किल्लीशिवाय उघडत नाही. खरेदीदाराला एवढाच विभाग कळतो की मासळी जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या क्षेत्र 51 मधील, म्हणजे पश्चिम हिंदी महासागरातील आहे. खलाशांची तक्रार निराळी होती. त्यांचे जेवण, आंघोळ आणि झोप सारे त्याच डेकवर होते. म्हणून निवडण्याच्या जागेबाहेरचा भाग चित्रण साठवण्यापूर्वीच काळा करण्याची सोय केली. अनेक खलाशी नेपाळचे असल्याने काच पुसण्याच्या सूचना मजकुराऐवजी चित्रांनी दिल्या आहेत.

पैशाचे गणित अजून नाजूक आहे. मालक स्वतःच्या खिशातून भाडे देण्यास फारसे राजी नसतात. पुराव्याची गरज निर्यातदाराला असल्याने तोच ते भरतो आणि त्या बदल्यात मालकाला क्रेटनिहाय हिशेब मिळतो. लिलावाच्या वेळी हा हिशेब हाताशी असल्याचा फायदा कळल्यावर काही मालकांनी आपणहून विचारणा केली. कॅमेरे बसवण्याचे बहुतेक काम 1 जून ते 31 जुलै या मासेमारी बंदीच्या काळात, नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असताना उरकावे लागते, त्यामुळे ऐन पावसात आमच्या माणसांना सुट्टी मिळत नाही.

पालघर आणि मुंबईकडील डोलनेटच्या, म्हणजे प्रवाहात पिशवीसारखे जाळे रोवून मासे धरणाऱ्या, नौकांसाठीही विचारणा होत आहे. ते काम सध्या आम्ही घेत नाही. त्या नौकांवर विजेची सोय तुटपुंजी असते आणि जवळ्यासारखी मासळी नगावर मोजण्यात अर्थ नसतो. तेथे जेट्टीवर चांगला वजनकाटा बसवून घ्यावा, असे आम्ही विचारणाऱ्यांना सांगतो.