तुरळचं गरम पाणी आणि आत्याचं गंधक

गणपतीला गावी जाताना संगमेश्वरच्या अलीकडे तुरळला थांबलो. आत्याला कुंडात पाय बुडवायचे होते, गुडघ्यांना बरं वाटतं म्हणे. मी बोट घातलं आणि झटक्यात बाहेर काढलं, साठच्या आसपास तापमान असतं इथं. आत्या म्हणाली, "गंधक असतं ना रे खाली, त्यानं तापतं." हे आपण सगळ्यांनीच लहानपणापासून ऐकलंय, पण गंधकाचा फक्त वास, पाणी तापवण्यात त्याचा काही हात नाही.

दुसरं उत्तर ठरलेलं, ज्वालामुखी. सह्याद्रीचा काळा दगड लाव्ह्याचा हे खरंच, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, कधीच गार झालाय.

मग तापतं कशानं? तर नुसत्या खोलीनं. जमिनीत दर किलोमीटरला साधारण 25-30 अंश उष्णता वाढते, बहुतेक ठिकाणी. कोकणात पाऊस पडतो अडीच-तीन हजार मिलिमीटर, त्यातलं थोडं पाणी फटींतून झिरपत खाली जातं, आणि साठ अंश व्हायचं तर किमान एक-सव्वा किलोमीटर तरी जायलाच हवं, बहुतेक त्याहून खोल. तिथं ते तापतं, हलकं होतं आणि वर यायला बघतं, मागून गार पाण्याचा रेटा असतोच. पण खरी गंमत वर येण्यात आहे. साध्या बारीक फटींतून रमतगमत आलं तर वाटेत सगळी ऊब दगडाला देऊन टाकेल. जिथं फॉल्ट आहे, म्हणजे दगड तुटून सरकलाय आणि मधे चुराडा झालाय, तिथं त्याला सरळ उभा रस्ता मिळतो आणि ते गरम असतानाच वर पोचतं. म्हणून तर वज्रेश्वरी-गणेशपुरी, पालीजवळचं उन्हेरे, उन्हवरे (इथं सत्तरच्या पुढे जातं), तुरळ, राजापूरचं उन्हाळे, हे सगळे झरे नकाशावर टिंबं टाकून बघा, उत्तर-दक्षिण एका लांबलचक पट्ट्यातच सापडतात. आणि नावं बघा ना, ऊन पाणी म्हणून उन्हेरे, उन्हाळे.

हे सगळं मी आत्याला गाडीत सांगितलं. तिनं कुंडातलं पाणी बाटलीत भरून घेतलेलं, हातखंब्याला पोचेपर्यंत ते कोमट झालं. म्हटलं, बघ, हे सावकाश आलेलं पाणी. ती म्हणाली, "गंधक उडून गेलं असेल."