खान नको, मग कोण?

पटकथेच्या कार्यशाळेत मी रीबूटचा, म्हणजे जुनी गोष्ट नव्याने सुरू करणाऱ्या चित्रपटाचा, व्हिलन निवडायचा सराव देते, तेव्हा ‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन अंतराळकथा घेते. २००९ ला नव्याने सुरू झालेली ती चित्रपटमालिका पुढे चालवायची असेल, तर समोर कोणाला उभं करायचं? कोल्हापुरात दसरा चौकाजवळच्या एका हॉलमध्ये हा सराव घेतला आणि त्यातून जे निघालं ते अजून डोक्यातून जात नाही.

रीत साधी आहे. प्रत्येक उमेदवाराचं एक कार्ड, कार्डावर चार ओळी. त्याचं काय गेलं? कधी गेलं? त्याला काय हवंय? आणि तो जिंकला तर नायकाचा काय फायदा? मुलं पहिल्या तीन ओळी झटकन भरतात. चौथीवर पेन थांबतं, कारण व्हिलन म्हणजे नायकाचं फक्त नुकसान करणारा माणूस असंच आपल्याला शिकवलं जातं. शिवाय एक अट असते. १२० पानांच्या पटकथेत व्हिलनला मी जास्तीत जास्त २० पानं देते, आणि त्याचं कारण सांगायला एकच पान. एका पानाचा पडद्यावर साधारण एक मिनिट होतो. कारण त्यात बसलं नाही तर कार्ड बाद.

पहिल्या फेरीत अर्ध्याहून जास्त कार्डांवर ‘खान’ होता, जुन्या ‘स्टार ट्रेक’मधला गाजलेला व्हिलन. हे नेहमीचंच. निर्मात्यांच्या बैठकांतही हाच आळस दिसतो: ओळखीचं नाव घ्या, पोस्टरवर टाका. पण खानची ताकद त्याच्या नावात नव्हती, कथेचा नायक कॅप्टन कर्क याने त्याच्याशी केलेल्या वागणुकीत होती. टीव्ही मालिकेच्या १९६७ च्या भागात कर्क त्याला सेटी आल्फा ५ या ग्रहावर सोडून येतो. सहाच महिन्यांनी शेजारचा ग्रह फुटतो, सेटी आल्फा ५ ची कक्षा सरकते, सगळं उजाड होतं, खानची बायको मरते, आणि कर्क एकदाही चौकशी करत नाही. १९८२ च्या चित्रपटात तो पंधरा वर्षांचा हिशोब घेऊन येतो. त्याची कार्डावरची पहिली ओळ नायकानेच लिहिलेली आहे.

रीबूटने नेमकी तीच ओळ पुसली. नव्या टाइमलाइनमध्ये, म्हणजे काळाच्या नव्या फाट्यात, कर्क आणि खान कधी भेटलेलेच नाहीत. म्हणून २०१३ च्या चित्रपटात खान आपलं खरं नाव दणक्यात सांगतो, पण समोरच्या कर्कला त्याचा अर्थच लागत नाही. मग कर्कचा मित्र आणि सहकारी, व्हल्कन ग्रहाचा तरुण स्पॉक, याला मूळ टाइमलाइनमधून आलेल्या म्हाताऱ्या स्पॉकला संपर्क करून विचारावं लागतं, की हा माणूस किती धोकादायक आहे. व्हिलनचं वजन दुसऱ्याने फोनवर सांगावं लागलं, की निवड चुकलीच. तो प्रसंग मी मुद्दाम दाखवते. नाव ऐकून हॉल हसला. त्या नावाने आपल्याकडे भलतंच काही आठवतं.

याच गावात बाबूराव पेंटरांनी १९२० साली ‘सैरंध्री’ काढला. त्यातला कीचक कोण, हे तेव्हाच्या प्रेक्षकाला तिकीट काढण्याआधी ठाऊक होतं. पौराणिकात इतिहास आयता मिळतो. रीबूटमध्ये तो मिळत नाही, आणि हे कितीही वेळा सांगितलं तरी लोकांच्या गळी उतरत नाही.

२००९ च्या चित्रपटातला व्हिलन नीरो, ही निवड मला यापेक्षा कितीतरी चांगली वाटते. तो सैनिक नाही, खाणकामगार आहे. २३८७ मधून मागे फेकला गेलेला. त्याच्या पहिल्याच हल्ल्यात कर्कचा बाप बारा मिनिटांचा कॅप्टन होतो, ८०० जीव वाचवून मरतो, आणि नवी टाइमलाइन तिथेच फुटते. म्हणजे रीबूटची यंत्रणाच व्हिलनच्या हातात दिलेली. गडबड त्या हल्ल्यानंतरच्या पंचवीस वर्षांची. क्लिंगॉन या परग्रहवासींच्या तुरुंगातले त्याचे प्रसंग चित्रित झाले होते, पण संकलनात कापले गेले. त्यामुळे एवढी वर्षं हा माणूस करत काय होता, ते पडद्यावर कळतच नाही. २०१६ च्या चित्रपटातला व्हिलन क्रॅल, त्याचं दुखणं वेगळं. इद्रिस एल्बासारखा नट जाड मेकअपखाली झाकला, आणि तो मूळचा माणूस, एका हरवलेल्या जहाजाचा कॅप्टन, हे कळतं शेवटाकडे. तोवर त्याच्याबद्दल काही वाटायची वेळ निघून गेलेली असते.

दुसऱ्या फेरीत इचलकरंजीहून येणाऱ्या एका मुलाने कार्ड पुढे केलं. उमेदवाराला नाव नव्हतं, फक्त ‘व्हल्कनवरचा वाचलेला’ असं लिहिलेलं. नीरोने व्हल्कन ग्रह नष्ट केला. सहा अब्जांपैकी फार तर दहा हजार उरले, हा स्पॉकचा स्वतःचा अंदाज. त्या दहा हजारांतल्या एकाला काळात मागे जाऊन नीरोला अडवायचंय. आणि चौथी ओळ: ‘कर्कला बाप परत मिळेल.’ मूळ टाइमलाइनमध्ये कर्कचा बाप जगला, मुलाला कॅप्टन झालेलं त्याने पाहिलं, हे म्हातारा स्पॉक २००९ च्या चित्रपटातच सांगतो. जोड लागली होती. इतक्या वर्षांत चौथी ओळ एवढी चोख भरलेली मी पाहिली नव्हती.

मग प्रयाग चिखलीची एक मुलगी बोलली. “मॅडम, ह्याला थांबवायचं कशाला? २०१९ च्या पुराआधीच्या दिवसात परत नेतो म्हणून कुणी आलं, तर आमच्या गावातलं कोण त्याला व्हिलन म्हणंल?”

हॉलमधल्या कोणाकडेच उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही.

आम्ही नियम तपासत बसलो. २००९ च्या नियमानुसार मागे गेल्याने जुना काळ पुसला जात नाही, नवा फाटा फुटतो. म्हणजे हा माणूस मागे गेला तरी इथलं व्हल्कन परत येणार नाही. तो फक्त इथून निघून जाईल. मग धोका कुठे उरला? एकाने उपाय काढला. काळात मागे जायची वाट उघडणारं रेड मॅटर म्हाताऱ्या स्पॉकच्या जहाजाबरोबर संपलंय, ते नव्याने बनवावं लागेल आणि पेटवायला एखादा तारा बळी द्यावा लागेल, वस्तीचा. हिशोब जमला, पण माणूस गेला. ग्रह मारणारा सूडकरी म्हणजे पुन्हा नीरोच. माझ्याबरोबर शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना तो उपाय लगेच पटला, कारण त्यात शेवटी स्फोट आहे. मला अजिबात पटला नाही.

मला आता वाटतं, चूक व्हिलनमध्ये नव्हती, त्याच्यासमोर आम्ही उभ्या केलेल्या माणसात होती. कर्कने बाप पाहिलेलाच नाही. त्याचा मोह ऐकीव आहे. स्पॉकची आई त्याच्या डोळ्यांदेखत दरीत गेली, हात पुढे केलेला असताना. हा मागे जाणारा माणूस उभा राहायला हवा स्पॉकसमोर, आणि स्पॉकने त्याला अडवू नये, मदत करावी. मग कर्कला थांबवावं लागेल स्वतःच्या मित्राला. त्यासाठी कर्कजवळ असं काय कारण असेल, जे चिखलीच्या त्या मुलीला पटेल, ते मला अजून सापडलेलं नाही. पुढच्या बैठकीसाठी सगळ्यांना तोच एक प्रसंग लिहायला दिलाय: स्पॉक रेड मॅटरचं सूत्र स्वतःच्या हाताने त्याला देतो. संवाद कमीत कमी, तीन पानं, आणि ७५ व्या पानाच्या आत. त्यापुढे गेला तर क्रॅलचं झालं तेच याचं होईल.