‘मना काली केलीस रं!’

बारा बाय अठराचा प्रिंट मावशीनं आधी हातभर लांब धरला, मग डोळ्यांजवळ आणला, मग सुनेकडे दिला आणि मला म्हणाली, "मना काली केलीस रं!"

हा प्रिंट मी लोअर परळहून अर्नाळ्यापर्यंत पुठ्ठ्यात घालून, ट्रेनमध्ये कुणाचं कोपर लागू नये म्हणून छातीशी धरून आणला होता. मॅट पेपर, भोवती जाड पांढरा माउंट, खाली उजव्या कोपऱ्यात माझी बारीक सही. सुनेनं त्या सहीवर बोट ठेवलं. "हे कुनाचं नाव?"

"माझं."

"फोटो आईंचा ना?"

यावर काय बोलणार.

मागचं सांगायला हवं. मी हौशी फोटोग्राफर. आठवडाभर ऑफिसात आकडे जुळवतो आणि रविवारी कॅमेरा गळ्यात अडकवून ‘जवळच’ जाऊन येतो. ‘जवळच’ हा आईला द्यायचा शब्द. भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं मोरा-उरण, केळवे-माहीम, चौल-रेवदंडा, रात्री जेवायला घरी पोचता येईल असं सगळं त्यात बसतं. वसईच्या किल्ल्यात तर सहा वेळा गेलोय. १७३९ साली चिमाजीअप्पांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला. सध्या तो लग्न ठरलेल्या जोडप्यांनी घेतलेला आहे. सेंट जोसेफ चर्चचा मनोरा, आतला गोल जिना, वरून दिसणारी खाडी, सगळं अजून तसंच सुंदर आहे. पण खाली जिथं लेन्स वळवावी तिथं एक लाल गाऊन, त्याचं दहा फुटी शेपूट हवेत उडवून पळ काढणारा एक चुलतभाऊ आणि "दादा, जरा फ्रेममधून बाजूला होता का" म्हणणारा फोटोग्राफर. दोन वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी मी वैतागून तिथून निघालो, विरार गाठलं आणि शेअर रिक्षानं आगाशीवरून अर्नाळ्याला गेलो. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर रविवारी काय असतं ते सांगत नाही. रिसॉर्टांचे स्पीकर एकमेकांशी भांडत होते. मी कानावर हात ठेवून कोळीवाड्याच्या अंगाला चालत सुटलो.

आवाज कमी झाला आणि वास वाढला. बांबूंच्या उभ्याआडव्या मांडणीवर, एकावर एक अशा रांगांत, बोंबील वाळत होते. बोंबलाला दोरी-बिरी काही लागत नाही हे मला तिथं कळलं. एका बोंबलाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी बांबूवरून दोन्ही बाजूंना सोडून द्यायची. बोंबलाचे दात बारीक आणि आत वळलेले, त्यामुळे एकदा धरलं की सुटत नाही. बोंबील टांगणारी ही कोळीण मावशी टोपलीत न बघता हात घालायची, दोन उचलायची, अंगठ्यानं तोंडं उघडायची, ‘टक’ करून अडकवायची आणि फेकल्यासारखी टांगायची. मिनिटाला किती जोड्या व्हायच्या ते मोजायचं राहून गेलं. मी चाळीस फ्रेम घेतल्या. त्यातल्या एका फ्रेममध्ये तिनं मान वळवलीय, तिरपं ऊन गालावर आलंय आणि हातात दोन मासे तोंडात तोंड घालून लोंबतायत.

"देशील ना मना फोटू?"

"हो मावशी, नक्की."

हे ‘नक्की’ मी आजवर किती लोकांना म्हटलंय याचा हिशेब काढला तर झोप लागणार नाही. फोटो घरी आणला, रंग काढून टाकला, कॉन्ट्रास्ट वाढवला, सुरकुत्या कोरून काढल्या आणि ‘सुरकुत्यांची गाज’ असं नाव देऊन ऑफिसच्या स्पर्धेत टाकला. हो, हेच नाव दिलं. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, एक स्टीलची बाटली. मावशीला फोटो गेला नाही.

दोन वर्षांनी गेला तोही प्रेमानं नाही, लाच म्हणून. मला पहाटेच्या सोनेरी उजेडात परतणाऱ्या होड्यांचे फोटो हवे होते. त्यासाठी मी तीन वेळा पहिल्या लोकलनं विरार गाठून सूर्योदयाला किनाऱ्यावर उभा राहिलो आणि तिन्ही वेळा समोर नुसतं पाणी. एकदा होड्या येऊन तास झाला होता, एकदा त्या दुपारी यायच्या होत्या, एकदा गेल्याच नव्हत्या. कुणाच्या तरी होडीत बसायला मिळालं तर हा प्रश्न सुटेल, असं वाटलं. मावशीच्या मुलाची होडी आहे हे आठवत होतं. म्हणून प्रिंट.

मुलगा भला माणूस. अंगणात जाळं शिवता शिवता त्यानं मला दोन वाक्यांत शहाणं केलं. "तिथीची पाऊणपट करायची. तेवढ्या वाजता भरती पूर्ण." अष्टमी असली तर सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. अर्धापाऊण तास इकडेतिकडे, पण मोबाइलला रेंज नसली तरी चालतंय. सहा तासांनी ओहोटी. डोल जाळं म्हणजे पाण्याच्या ओढीत रोवून ठेवलेली एक लांबलचक पिशवी. ओढ जेवढी जास्त तेवढा मासा आत, म्हणून उधाणाला, म्हणजे मोठ्या भरतीच्या दिवसांत कमाई आणि भांगाला, म्हणजे लहान भरतीच्या दिवसांत बेताचं. पाणी फिरताना घटकाभर थांबतं, तेवढ्यात जाळं ओढून घ्यायचं. मग ते पहाटे चारला असो नाहीतर टळटळीत दुपारी दोनला. सूर्योदयाचा यात काही संबंधच नाही. माझ्या मोबाइलमध्ये सोनेरी उजेडाची वेळ सांगणारं एक ॲप आहे. ते त्याला दाखवायचा माझा विचार होता, तो मी गिळला.

त्या दिवशी चतुर्थी. चाराची पाऊणपट तीन. "तीनच्या आत निघू, चला तुम्ही पन," तो म्हणाला. लाच लागू पडली होती.

मधल्या वेळात किल्ला बघून आलो. वैतरणेच्या मुखावरचं छोटं बेट, होडीतून गुडघाभर पाण्यात उतरायचं, दरवाज्यावर बाजीरावाचं नाव असलेला शिलालेख, आत त्र्यंबकेश्वर आणि समोर अष्टकोनी तळं. जाऊन यावं असं आहे. मला मात्र फारसं काही आठवत नाही, कारण ‘काली केलीस’ डोक्यातून जात नव्हतं.

परत आलो तर मावशी दारातच. प्रिंट कॉटवर पडलेला.

"माझा लुगरा हिरवा हाय. ह्यात कनचा रंग?"

मी कृष्णधवल वगैरे समजावू लागलो. रंग काढला की चेहरा बोलतो, असं काहीतरी म्हणालो.

"चेहरा बोलतंय काय? मी हाय ना बोलाला." मग सुरकुत्यांवरून बोट फिरवत, "मी म्हातारी हाव, पन येवढी नाय." आणि शेवटी अगदी हळू, "मासली हातात घेऊन कोन फोटू काढतंय?"

भिंतीवर तिच्या नवऱ्याचा फोटो होता. जुन्या स्टुडिओतला, नंतर रंग भरलेला, ओठ जरा जास्तच गुलाबी. पांढरा सदरा, सरळ नजर, चंदनाच्या सालींचा हार. त्याच्या शेजारी भिंतीवर तेवढीच जागा रिकामी होती. मावशीनं त्या जागेवर तळवा ठेवला. "हिथं माझा. मेल्यावर ही पोरा आधारवाला फोटू मोठा करून लावतान. शेजारणीचा लावला, बघितलास? चोर वाटतंय ती."

मी बघितला होता. आपल्या सगळ्यांच्याच घरांत बघितलेला असतो. आमच्या काकांचा फोटो रेशन कार्डावरून घेतलाय, त्यात त्यांच्या कपाळावर शिक्क्याचा अर्धा गोल आहे.

पाऊण तास मावशी आतल्या खोलीत. हिरवं लुगडं, मोहनमाळ, पाटल्या, कानात कुड्या. अबोलीच्या वेणीवरून सासू-सुनेत थोडी कुजबुज झाली. सून म्हणत होती माळा, मावशी मान हलवत होती. शेवटी वेणी फ्रीजवर राहिली. तोवर मला पाटावर बसवून सुनेनं बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली. माझी संकष्टी होती. आईला हे अजून सांगितलेलं नाही, आणि ती ब्लॉग वाचत नाही या भरवशावर इथं लिहितोय.

मी तिला दाराशी बसवलं, कडेनं उजेड यावा म्हणून. अर्ध्या चेहऱ्यावर सावली, डोळ्यांत चमक, म्हटलं आता खरं पोर्ट्रेट होणार. मावशीनं कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिलं. "अर्धा तोंड कुठं गेला?"

मग फ्रीजसमोर. ट्यूबलाइट लावली. समोरून सपाट, हिरवट उजेड, जो टाळायला मी पाच वर्षं शिकलो. आयएसओ १६००. "दोनी कान दिसाला पायजेत." दोन्ही कान घेतले. "फ्रीज येतंय ना सगला?" सगळा फ्रीज घेतला, वरच्या वेणीसकट. सवयीनं म्हणालो, "हसा ना मावशी जरा."

तिनं मान न हलवता डोळ्यांनी भिंत दाखवली. "तो मानूस हसतंय का?"

टिपला. पासपोर्टच्या फोटोसारखा, नाकासमोर, जरासुद्धा सावली नसलेला. मावशीनं पाहिला, कान मोजले आणि समाधानानं सुनेला म्हणाली, "आता कसा माझ्यासारखा."

मी कॅमेरा बॅगेत घालतोय तोच दारात एक म्हातारे आजोबा उभे. दाढी नुकतीच केलेली, गालावर साबणाचा ठिपका. त्यांच्यामागे दोघी जणी. त्यातल्या एकीनं नेसून आलेल्या लुगड्याची घडीसुद्धा मोडली नव्हती. कुणीतरी घरून लाकडी खुर्ची आणली, कारण कॉटवर बसलं की माणूस आजारी दिसतो म्हणे. एक बाई नवऱ्याला ओढत घेऊन आली. तो लाजून "मना नको, मना नको" करत होता, आणि ती म्हणत होती, "आज बस, उद्याचा काय भरोसा," आणि सगळे हसत होते. हसत होते म्हणजे खदखदून. मरणानंतरच्या फोटोसाठी रांग लावून बसलेल्या इतक्या आनंदी माणसांत मी आधी कधी नव्हतो. पहिले तीन-चार फोटो मी कपाळाला आठ्या घालूनच काढले. नंतर मात्र मीच ओरडू लागलो, "आजोबा, डावा कान दिसत नाहीये!"

अडीचच्या सुमाराला मुलगा मागच्या दारानं डोकावला. "चला, पानी भरलं."

रांगेत अजून पाच जण होते. मी म्हटलं, तुम्ही जा.

एकूण अकरा जण झाले. कुणी पैशांचं विचारलं, मी नको म्हणालो, तर मावशीनं वर्तमानपत्रात बांधून वाळलेले बोंबील पिशवीत कोंबले. विरारहून परतीची लोकल रिकामी होती. पिशवी पायाशी ठेवली. नालासोपाऱ्याला समोरच्या माणसानं खिडकी उघडली, भाईंदरला तो उठून दाराशी गेला. बोरिवलीला चढलेल्या एका काकांनी मात्र खोल श्वास घेतला आणि विचारलं, "अर्नाळा का नायगाव?" दादरपर्यंत आमच्या छान गप्पा झाल्या. कॅमेरा बॅगेला तो वास अजून आहे. ऑफिसात बॅग नेणं बंद केलंय.

होड्यांचे फोटो राहिलेच. मार्चमध्ये प्रिंट घेऊन गेलो, या वेळी सगळे रंगीत, चकचकीत कागदावर, सही नाही. लॅबवाल्यानं अकरा सारखेच सपाट चेहरे बघून विचारलं, "ओळखपत्राचं काँट्रॅक्ट मिळालं काय?"

मावशीनं स्वतःचा फोटो खिडकीच्या उजेडात धरला, दोन्ही कानांवर बोट टेकवलं, फ्रीजवरच्या वेणीकडे थोडा जास्त वेळ पाहिलं. मला वाटलं आता खिळा मागवेल. तिनं कपाट उघडलं, लुगड्यांच्या घड्यांमध्ये फोटो सारला आणि कपाट लावून टाकलं.

"भिंतीवर नाही?"

"आताच? मना घालवतंस का काय?"

अंगणात जवळा वाळत होता. कावळे फार झाले होते, म्हणून कोपऱ्यातल्या एका टोपलीवर झाकण ठेवून वर दगड ठेवला होता. झाकण जाड पांढरं, चौकोनी. दगडाखाली ‘सुरकुत्यांची गाज’. उन्हानं माउंट पिवळा पडलेला, कडेला खारवलेल्या पाण्याचे डाग, सहीच्या जागी जवळ्याचे गुलाबी दाणे चिकटलेले. खाली जवळा, वर मासे हातात धरलेली मावशी, तिच्या पोटावर दगड. मी गुडघ्यावर बसलो आणि कॅमेरा काढला.

मागून मावशीचा आवाज आला, "सरक रं जरा. ऊन अडवलंस."