६८ अंशांवर धातू होणारा ऑक्साइड

व्हॅनेडियम डायऑक्साइड ६५ अंश सेल्सिअसला विद्युतरोधक असतो (काटेकोर बोलायचं तर अर्धवाहक) आणि ७०ला धातू. वितळत नाही, विघटन होत नाही. १९५९ मध्ये एफ. जे. मॉरिन यांनी हा बदल नोंदवला. चांगल्या स्फटिकात रोध जवळजवळ एक लाख पटींनी कोसळतो.

थंड असताना व्हॅनेडियमचे अणू जोड्याजोड्यांनी बसतात. एका रांगेतली अंतरं आळीपाळीनं सुमारे २.६५ आणि ३.१२ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग). प्रत्येक अणूचा एकुलता डी-इलेक्ट्रॉन (बाहेरच्या डी कक्षेतला) त्या जोडीत अडकतो आणि ऊर्जेत सुमारे ०.६ इलेक्ट्रॉन-व्होल्टची फट पडते; ती ओलांडल्याशिवाय इलेक्ट्रॉन वाहू शकत नाहीत. तापवलं की जोड्या सुटतात, सगळी अंतरं २.८५च्या आसपास येतात, फट बुजते. मूळ कारण जोड्या की इलेक्ट्रॉनांचं आपसातलं प्रतिकर्षण, म्हणजे (शास्त्रज्ञांच्या नावांनी सांगायचं तर) पायर्ल्स की मॉट, हा वाद जुना आहे. एकट्या कुणावर भागत नाही, हे माझं मत.

हा रोध मोजताना मात्र बहुतेक चुका विजेच्या जोडणीत होतात. समजा पातळ थराचा रोध थंड असताना १०० किलोओहम आहे. त्यावर थेट १० व्होल्ट लावले तर १ मिलिवॉट खर्च होतो, काही बिघडत नाही. थर धातू झाला, रोध ५० ओहमवर आला, की त्याच १० व्होल्टला २ वॉट! थर स्वतःच्याच उष्णतेनं गरम राहतो, खालचा हीटर थंड झाला तरी परत फिरत नाही; कधी जळतोही. म्हणून १० मायक्रोॲम्पिअरचा स्थिर प्रवाह द्यावा. तेव्हा थंड बाजूला १० मायक्रोवॉट, गरम बाजूला ५ नॅनोवॉट. चार टोकांची जोडणी (दोन टोकांतून प्रवाह, वेगळ्या दोन टोकांवर व्होल्टेज) हवीच, नाहीतर धातू अवस्थेत संपर्कांचाच रोध मोजला जातो.

तापताना आणि निवताना बदल वेगवेगळ्या तापमानाला होतो. हे अंतर स्फटिकात एक-दोन अंश, पातळ थरात पाच ते दहा, कधी जास्तही. पण तापमापक हीटरच्या ठोकळ्यात आणि थर वर काचेवर असेल, तर मिनिटाला १० अंशांच्या वेगानं हा फरक फुगतो. मिनिटाला १ अंशानं, मग अर्ध्या अंशानं मोजावं. आकडा आकसत राहिला तर ती उष्णता पोचायची दिरंगाई होती.

रोध शंभर पटच घसरला तर आधी ऑक्सिजनवर संशय घ्यावा. थंड बाजूचा रोध फारच कमी असेल तर ऑक्सिजन कमी पडून व्हॅनेडियम ट्रायऑक्साइड मिसळलेला असू शकतो, कारण तो खोलीच्या तापमानालाच धातू असतो. गरम बाजू पुरेशी खाली येत नसेल तर ऑक्सिजन जास्त होऊन व्हॅनेडियम पेंटॉक्साइड मिसळलेला असू शकतो, तो धातू होत नाही. बारीक कणांमुळेही उडी बोथटते, तेव्हा क्ष-किरण विवर्तन (स्फटिकाची रचना ओळखणारी चाचणी) केल्याशिवाय निकाल देऊ नये.

टंगस्टन १ टक्का घातलं की बदलाचं तापमान २०-२५ अंशांनी उतरतं, उडीही लहान होते.