सिग्नलला घाट उतरणारी गाडी

आमची गाडी 2004 ची. सगळ्यात स्वस्तातलं मॉडेल, त्यामुळे आरपीएमचा काटा नाही आणि काचेला अजून हँडल आहे. सरकारदरबारी तिची पंधरा वर्षं 2019 मध्येच भरली. तेव्हापासून आरटीओत नेऊन पुन्हा पासिंग करायचं, पर्यावरण कर भरायचा, असं करत तिला चालवतोय. गेल्या महिन्यात तिला नवीनच खोड लागली. सिग्नलला उभी असताना, पाय ब्रेकवर असताना, रेस आपोआप चढायची. घूंऽऽऽ. मग एकदम पडायची, आता बंदच पडते की काय असं वाटेपर्यंत. की पुन्हा घूंऽऽऽ. शेजारचा रिक्षावाला अशा नजरेनं बघायचा, जणू या वयात मी त्याच्याशी शर्यत लावतोय.

मेकॅनिक लोक याला ‘हंटिंग’ म्हणतात. आमच्या मेकॅनिकनं फोनवर आवाज ऐकला आणि प्लग, कॉइल, फ्युएल फिल्टर अशी यादी सांगितली. तळमजल्यावरच्या काकांनी आवाजही ऐकला नाही. “इथेनॉल,” ते म्हणाले. 2023 पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं तेव्हापासून सोसायटीतल्या कुठल्याही बिघाडाचं त्यांचं निदान हेच असतं. लिफ्टचं तेवढं अजून राहिलंय.

खरा धागा हिच्या हाती लागला. “अहो, एसी लावला की नाही करत ती असं.” मी म्हणालो, एसीचा काय संबंध? दोन दिवसांनी मुकाट्यानं लावून पाहिला. खरंच, गाडी शहाण्यासारखी उभी. आणि सकाळी गार असताना दोन मिनिटं ही खोड नाही. गरम झाली की सुरू.

मग पार्किंगमध्ये बॉनेट उघडून बसलो आणि जरा डोकं चालवलं. उभ्या इंजिनाला मिनिटाला आठ-नऊशे फेरे पुरतात. तेवढ्यापुरती हवा एका बारीक वाटेनं आत सोडली जाते आणि कॉम्प्युटर तिच्या मापानं पेट्रोल देतो. कुठे फट पडली की चोरवाटेनं जादा हवा शिरते, तिच्या जोडीला पेट्रोल वाढतं, रेस चढते. आता कॉम्प्युटरला दिसतं ते एवढंच: थ्रॉटल, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर दाबला की उघडणारी हवेची झडप, बंद, पण फेरे भलतेच. त्याला माहीत असलेल्या जगात असं होतं ते गाडी गिअरमध्ये उतारावरून येत असताना. तो बिचारा समजतो आपण खंबाटकी घाट उतरतोय, आणि पेट्रोल तोडतो. फेरे पडतात, तो घाबरून पुन्हा पेट्रोल सोडतो, की पुन्हा घाट. मी एकदाच कणीक मळली होती तेव्हाची गत. पाणी जास्त झालं म्हणून पीठ, पीठ जास्त झालं म्हणून पाणी, आणि दोघांपुरती कणीक परातीत मावेना. एसी लावला की कॉम्प्रेसर ती जादा ताकद खाऊन टाकतो, फेरे पेट्रोल तोडायच्या मर्यादेपर्यंत चढतच नाहीत. गार इंजिनाला कॉम्प्युटर स्वतःच जास्त रेस देतो, त्यामुळे तेव्हा तो अशी शंका घेत नाही.

म्हणजे फट शोधायची. काही जण सांध्यांवर कार्ब क्लीनर फवारतात; तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपाजवळ तो भडकू शकतो, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही. कुंड्यांना पाणी घालायच्या पाइपाचा हातभर तुकडा कापला, एक टोक कानाला लावलं आणि दुसरं एकेका नळीवरून फिरवू लागलो. शर्टाच्या बाह्या वर सारलेल्या, कारण बाजूलाच पट्टा फिरत होता. पंखा तर न सांगता सुरू होतो. वरून सगळ्या नळ्या धडधाकट. ब्रेकच्या बूस्टरकडे जाणारी मोठी नळी गप्प. टॅपेट कव्हरवरून, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणावरून, निघणाऱ्या वाकड्या नळीपाशी मात्र बारीक ‘सूंऽऽ’ ऐकू आलं, कुकरची शिटी बसण्याआधी येतं तसं. नळीच्या पोटाखाली बोट घातलं. रबर तेलानं फुगून मऊ झालेलं, आणि वळणावर नखाएवढी चीर. अंगठा दाबून धरला. घूं अर्ध्यातच विरलं आणि इंजिन एका सुरात चालू लागलं. अंगठा काढला, घूंऽऽऽ. ठेवला, शांत. हा खेळ मी गरजेपेक्षा बराच वेळ खेळलो.

नाना पेठेतल्या दुकानदारानं जुना तुकडा हातात घेऊन, माझ्याकडे न बघताच म्हटलं, “ब्रीदर पाइप.” म्हणजे दोष प्लग, कॉइल, फिल्टर यांपैकी कशातच नव्हता.

जिन्यात काका भेटले. “काय निघालं शेवटी?” मी खिशातून जुनी नळी काढून दिली. त्यांनी ती वाकवून चीर उघडून पाहिली, वास घेतला, आणि परत देत म्हणाले, “तेच म्हणत होतो मी. इथेनॉलनं खाल्लीय.”