खोली तिची, कडी कुणाची

मुलांची खोली असा प्रकार आमच्या लहानपणी नव्हताच. इंदूरच्या रामबागेतला भाड्याचा वाडा, त्यात बाहेरची खोली, माजघर आणि स्वयंपाकघर, एवढ्यात आम्ही भावंडं, आजी आणि अधूनमधून परीक्षेला आलेला एखादा आतेभाऊ. माझ्या मालकीचा काय तो भिंतीतला एक कोनाडा, त्यात कंपास, रिबिनी, चिंचोके, आणि त्यावरही भावाचा डोळा. त्यामुळे लेक झाली आणि सुदामा नगरच्या घरात तिच्यासाठी वेगळी खोली काढता आली तेव्हा खरी हौस माझीच फिटली, बाळाला काय हो, पाळणा आणि पंखा मिळाला की झालं, पण मी पिस्ता कलरच्या भिंती, त्यावर ढग, छताला अंधारात चमकणाऱ्या चांदण्या, सगळं सगळं करून घेतलं. बघायला येणारा प्रत्येक पाहुणा आधी खोलीचं कौतुक करायचा आणि मग बाळाचं.

आता ती नववीत गेलीये आणि तिला ते ढग नकोत. तिची मागणी तशी छोटी होती, भिंती पांढऱ्या करा, पलंगाजवळ एक प्लग पॉइंट द्या आणि दाराला आतून कडी लावा. बस. बाकीची यादी आमची. नवऱ्याला त्या खोलीत बुकशेल्फ हवं होतं (पुस्तकं त्याची), सासूबाईंना गाद्या-रजया ठेवायला पेटीपलंग हवा होता, आणि मला वाटत होतं की एका भिंतीला तरी छानसा टेक्स्चर पेंट द्यावा. मुलांच्या खोलीत प्रत्येकाचं काहीतरी घुसवायचं असतं हे मी इतर घरांतही बघितलंय, घरात कुठे न मावणारी शिलाई मशीन, व्यायामाची सायकल आणि दिवाळीच्या लायटिंगची खोकी शेवटी तिकडेच मुक्कामाला जातात.

पेंटर भैयांनी भिंतीवर हात फिरवला आणि निकाल दिला, "भाभीजी, इसपे दो हाथ पुट्टी लगेगी, फिर प्राइमर, तब जाके सफेद उठेगा." मी त्यांना एकच सांगितलं की घासायचं तर पाणी मारून घासा, कोरडी धूळ उडवू नका. कारण हा रंग 2011 चा, आणि घरातल्या रंगात शिसं 90 पीपीएमच्या (म्हणजे दहा लाख भागांत 90 भाग) वर नको हा नियम आपल्याकडे लागू झाला 1 नोव्हेंबर 2017 पासून, त्याआधीच्या रंगांत, खासकरून दार-खिडक्यांच्या ऑइल पेंटमध्ये, किती असेल कोण जाणे. भैयांनी मान डोलावली, मग मी उभी आहे तोपर्यंत पाणी मारलं. म्हणून मी उभीच राहिले, चहासुद्धा तिथेच घेतला.

चांदण्या काढायचं काम लेकीचं. हेअर ड्रायरची गरम हवा मारली की गोंद सैल होतो आणि मग जुन्या एटीएम कार्डाची कड घालून हळूच उचलायचं. छतावर प्रत्येक चांदणीच्या जागी तिच्याच आकाराचा स्वच्छ ठसा उरला आणि भोवतीचं छत किती मळलंय ते तेव्हा कळलं. भिंतीवर एक सूर्यमालेचा चार्टही होता, खजुरी बाजारातून आणलेला, त्यात नऊ ग्रह. प्लूटोला 2006 मध्येच ग्रहांच्या यादीतून काढलंय पण चार्टवाल्यांपर्यंत ते पोचलं नव्हतं. दुसरीत असताना लेकीने स्केचपेनने त्यावर फुली मारली होती आणि सासूबाई चिडल्या होत्या, नवग्रह म्हणजे नऊच, राहू-केतूसकट, शास्त्रज्ञांना विचारतंय कोण.

मग सामान टाकायचा प्रश्न. इंदूरमध्ये हा प्रश्न साधा नसतो, 2017 पासून स्वच्छतेत नंबर वन असल्याचा मान सांभाळायचा तर कचरा सहा प्रकारचा वेगळा करावा लागतो, ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, इ-कचरा आणि घातक. चांदण्या प्लास्टिकमध्ये, सशाचा नाइट लॅम्प इ-कचऱ्यात, उरलेला पेंटचा डबा घातकमध्ये. गाडीवाला सकाळी दारात आला की घरातली चौघं चार डबे घेऊन उभी. ढगांच्या आकाराची उशी मात्र कशातच बसेना, ती अजून माळ्यावर आहे.

सगळ्यात जास्त जीव अडकला तो टेबलात. ती सहा वर्षांची असताना मिस्त्रीकडून बनवून घेतलेलं, उंची 22 इंच, कारण खुर्चीत बसल्यावर पोराचे पाय जमिनीला टेकले पाहिजेत आणि कोपर टेबलाच्या लेव्हलला आलं पाहिजे, नाहीतर खांदे वर चढतात, हे मिस्त्रीनेच मला सांगितलं होतं. ती वाढली तसे आम्ही पायांखाली सागाचे ठोकळे लावत गेलो. आता मोठ्या माणसांचं 30 इंची टेबल आलं, शिवाय ती डावखुरी, म्हणून लॅम्प उजवीकडे आणि ड्रॉवर डावीकडे. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला उजेड डावीकडून हवा, हिचं उलटं, नाहीतर स्वतःच्याच हाताची सावली वहीवर पडते. रेडीमेड दुकानात ड्रॉवर एकाच बाजूला, दुकानदार म्हणाला, मॅडम, आदत पड जाएगी. आम्ही परत मिस्त्रीकडे.

तर जुनं टेबल मिस्त्रीने उलटं केलं आणि फळीच्या पोटाला पेन्सिलने लिहिलेला एकोणिसाचा पाढा निघाला. अक्षर तिचंच, एकोणीस सत्ते एकशे तेहतीसजवळ खोडून परत लिहिलेलं. म्हणजे आजी रोज संध्याकाळी पाढे म्हणून घ्यायची तेव्हा ही टेबलाखाली बसून का म्हणायची ते आत्ता उलगडलं. आम्हाला वाटायचं लाजते. सासूबाईंनी चष्मा लावून पूर्ण पाढा तपासला, एकोणीस दाहे एकशे नव्वदपर्यंत बोट फिरवलं आणि म्हणाल्या, बरोबर आहे सगळा.

पांढऱ्या भिंतीवर पहिल्याच दिवशी रजत पाटीदारचं पोस्टर चढलं. पोरगा इंदूरचा, 2025 मध्ये आरसीबीला पहिली आयपीएल जिंकून देणारा कॅप्टन, त्यामुळे विरोध करायला जागाच नव्हती. सासूबाईंच्या वडिलांनी भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडूंना इंदूरच्या होळकर संघाकडून खेळताना बघितलेलं, तर सासूबाईंचं एवढंच म्हणणं पडलं की लावायचंच तर सीकेंचंही लाव. लेकीने नेटवरून फोटो काढून लावला हो, छोटा, पोस्टरच्या कोपऱ्यात.

माझा टेक्स्चर पेंट बाद झाला. पेटीपलंग आला, बुकशेल्फही आलं. प्लग पॉइंटवरून बरीच बोलाचाली झाली कारण पलंगाजवळ प्लग म्हणजे रात्रभर मोबाइल, शेवटी पॉइंट दिला आणि रात्री चार्जर बाहेर असं ठरलं, ते किती पाळलं जातं हा वेगळा लेख होईल.

पण खरं भांडण झालं ते कडीवरून. सासूबाईंचं म्हणणं, पोरीच्या खोलीला आतून कडी कशाला, रात्रीबेरात्री चक्कर आली तर दार फोडायचं का? लेकीचं म्हणणं, सगळे न ठोकता आत येतात. दोघींचंही खरं होतं. मिस्त्रीने तोड काढली, सियागंजातून असं लॉक आणलं की आतून बटण दाबलं की बंद, आणि अडचण आलीच तर बाहेरच्या खाचेत नाणं घालून फिरवलं की उघडतं.

आता गंमत अशी की दुपारी लेक शाळेत असते तेव्हा सासूबाईच त्या खोलीत जाऊन बटण दाबतात. बाहेर टीव्ही चालू असतो, मी कुकर लावत असते, आणि त्यांना ग्वाल्हेरच्या बहिणीशी फोनवर सुनांबद्दल मोकळेपणाने बोलायचं असतं. काल शाळा लवकर सुटली. लेक दप्तर घेऊन स्वतःच्याच दाराबाहेर उभी, आतून आवाज आला, "थांब गं जरा, बोलतेय मी." तिने माझ्यापुढे हात पसरला आणि म्हणाली, "आई, एक रुपया दे."