आई, तुझं वजन किती?

"विमान घेतलंस म्हणे!" असा मेसेज गेल्या वर्षभरात मला इतक्या जणांनी पाठवलाय की शाळेच्या ग्रुपवर एकाने तर मला परस्पर अंबानींच्या पंगतीला बसवून टाकलं. तर आधी खुलासा. अख्खं नाही, पाव घेतलंय. चौघांत मिळून एक सेस्ना १७२, म्हणजे एका पंख्याचं चार सीटचं छोटं विमान, १९७५ सालची, म्हणजे वयाने माझ्यापेक्षा मोठी. माझा चौथा हिस्सा नव्या टोयोटा कॅमरीपेक्षा स्वस्तात पडला. नवी कोरी १७२ घ्यायची तर चार लाख डॉलरच्या वर जाते, आणि मधे १९८६ ते १९९६ अशी दहा वर्षं कंपनीने लायबिलिटीच्या (नुकसानभरपाईच्या) केसेसना कंटाळून ही विमानं बनवायचीच बंद केली होती, त्यामुळे इथे अमेरिकेत छोट्या एअरपोर्टवर जी काही उभी दिसतात त्यातली बरीचशी सत्तरच्या दशकातलीच. आपल्याकडे कुणी १९७५ची प्रीमियर पद्मिनी अजून रोज चालवतो म्हटलं तर लोक फोटो काढतील.

आणि पावच का, तर खर्च हे एक कारण आहेच, पण त्याआधी ग्रीनकार्ड. पायलटचं लायसन्स मी एच-वन व्हिसावर असतानाच काढलं, त्यासाठी सुरक्षा खात्याची वेगळी परवानगी घ्यावी लागते पण मिळते. विमान मात्र स्वतःच्या नावावर रजिस्टर करायला तुम्ही नागरिक तरी हवे नाहीतर ग्रीनकार्डवाले तरी. आणि भारतीयांची ग्रीनकार्डची लाइन तुम्हाला माहितीच आहे. तोवर तासावर भाड्याने घेऊन उडवायचो. कार्ड हातात आलं आणि तीन महिन्यांत एका पार्टनरने गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आपला हिस्सा विकायला काढला.

चौघांचं एक विमान म्हणजे गावाकडची सामाईक विहीर. पाळी कुणाची, मोटार कुणी जाळली, पाइप कुणी तसाच टाकून गेला. आमच्यात एक निवृत्त शिक्षक आहे, एक शेतकरी, एक नर्स आणि मी डेट्रॉइटकडचा ऑटोवाला, म्हणजे मोटार कंपनीतला, पुणेकर (इथे पुणेकर ऑटोवाले इतके आहेत की दगड मारला तर एखाद्याला नक्की लागेल). दर महिन्याला ठरलेले पैसे टाकायचे, त्यातून हँगरचं भाडं, इन्शुरन्स, आणि थोडे इंजिनासाठी बाजूला. इंजिन दोन हजार तास झाले की ओव्हरहॉलला काढायचं असा कंपनीचा सल्ला असतो, आणि त्याला तीस-चाळीस हजार डॉलर सहज लागतात, म्हणून ही भिशी.

तर यंदा उन्हाळ्यात आई-बाबा तीन महिन्यांसाठी आले आणि मी मोठ्या हौसेने जाहीर केलं की तुम्हाला मॅकिनॉ आयलंडला, मिशिगनच्या उत्तरेकडच्या बेटावर, माझ्या विमानाने नेतो. आमच्या इथून गाडीने साडेचार-पाच तास आणि वर फेरी बोट, विमानाने सरळ उत्तरेला दोन तास. बाबांनी लगेच डायरीत लिहिलं. पहिली तारीख, दुसरी तारीख, तिसरी तारीख. डायरीत अजून दोन खोडलेल्या ओळी आहेत.

पहिली तारीख ॲन्युअलने खाल्ली. दर बारा महिन्यांनी विमान पूर्ण उघडून तपासणं कायद्याने बंधनकारक आहे, आणि ते झाल्याशिवाय उडवता येत नाही. आमचा मेकॅनिक फारसं बोलत नाही, त्यामुळे त्याचा फोन आला आणि "वेळ आहे का पाच मिनिटं" असं म्हणाला की आमच्या पोटात गोळा येतो. चारपैकी एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन पडलं होतं. ऐंशी पौंडाची हवा आत सोडून किती टिकते ते बघतात, बाकी तिघांचे आकडे सत्तरीत आणि याचा बावन्न, आणि एक्झॉस्टला कान लावला तर फुसफुस ऐकू येतेय. सिलिंडर बदलायचा, तो मागवायचा, यायला तीन आठवडे. ॲन्युअलचे पैसे मी मनात धरले होते त्याच्या बरोबर अडीच पट झाले. बायको काही बोलली नाही, फक्त किचनच्या रिनोव्हेशनची फाइल लॅपटॉपवर उघडी ठेवून झोपायला गेली.

दुसऱ्या तारखेला विमान ठणठणीत, पण ढग नऊशे फुटांवर. आई खिडकीतून बघून म्हणाली, "अरे पाऊस कुठे पडतोय?" पाऊस नसतो पडत, तोच तर घोळ आहे. माझ्याकडे ढगात उडायचं इन्स्ट्रुमेंट रेटिंग नाही. ढगात शिरलं की बाहेर पांढरं सोडून काही दिसत नाही आणि कानातला तोल शुद्ध थापा मारायला लागतो, विमान वळतंय आणि तुम्हाला वाटतं सरळ चाललंय. आणि सगळ्यात वाईट असतं ते आई-बाबांनी सकाळी पाचला उठून दशम्या करून डबा भरलेला असणं, कारण मग "बघू, तिकडे गेल्यावर उघडेल" असं वाटायला लागतं. मी नाही म्हटलं आणि दिवसभर सगळ्यांनी घरात बसून दशम्या खाल्ल्या, जरा गप्प गप्पच.

तिसऱ्या तारखेच्या आदल्या रात्री मी ते विचारलं. "आई, तुझं वजन किती?"

शांतता.

"कशाला हवंय?"

सांगितलं, की सीट चार असल्या म्हणून चार माणसं आणि फुल टाकी चालत नाही. आमच्या विमानाचं जास्तीत जास्त वजन २३०० पौंड, रिकामं असताना १४२०, म्हणजे माणसं, पेट्रोल, सामान सगळं मिळून ८८० पौंडांत, म्हणजे ३९९ किलोत बसवायचं. टाकी फुल केली तर त्यातले १०३ पेट्रोलचेच. उरले २९६. बाबांनी लगेच ७८ सांगितलं, बायकोने काट्यावर उभी राहून ६३, माझे ८६, आणि आईने जे सांगितलं ते मी शांतपणे पाच वाढवून लिहिलं. (बरोबर निघालं, ७१.) सामान धरून ३०६. म्हणून मी ठरवलं होतं की टाकी भरायचीच नाही, पंचवीस गॅलनवर निघायचं, वाटेत गेलॉर्डला उतरून भरायचं आणि तिथेच आईचा बाथरूमचा प्रश्नही सुटेल. हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका, विमानात बाथरूम नसतो आणि आईने सकाळचा चहासुद्धा घेतला नव्हता.

सकाळी हँगरचं दार उघडलं तर टाकी काठोकाठ भरलेली. आमच्या शेतकऱ्याने आदल्या दिवशी विमान नेलं होतं आणि माझे पाहुणे येणार म्हणून बिचाऱ्याने प्रेमाने फुल करून ठेवली होती. आता हे पेट्रोल काही स्कूटरसारखं नळी लावून बाटलीत काढायचं प्रकरण नाही. दहा किलो जास्त. एकच उपाय, जाळायचं. मग तिघांना एअरपोर्टच्या बाकावर बसवलं आणि मी एकटाच पस्तीस मिनिटं एअरपोर्टभोवती घिरट्या घालत बसलो, लँडिंग, टेकऑफ, लँडिंग, टेकऑफ. पाच गॅलन गेले. (पॅसेंजर न्यायचे तर गेल्या नव्वद दिवसांत तीन लँडिंग झालेले लागतात, माझे झालेलेच होते, पण अजून चार झाले तर वाईट नाही.) उतरलो तेव्हा तिघांनी अर्ध्या दशम्या संपवल्या होत्या, म्हणजे वजन तसंही विमानात आलंच. आईचा चेहरा बघण्यासारखा. "बत्तीस डॉलरचं पेट्रोल नुसतं जाळलंस? दहा किलोसाठी? सांगायचंस की, मी दोन दिवस आधीपासून उपास धरला असता."

हेडसेट लावताना आईच्या कुड्या टोचायला लागल्या, त्या काढून पर्समध्ये, आवळासुपारी तोंडात. बाबा पुढे माझ्या शेजारी, हात छातीशी घट्ट बांधून, समोरच्या स्टिअरिंगला चुकून धक्का लागायला नको म्हणून. सगळे विचारतात तो प्रश्न आईने निघता निघता विचारलाच, इंजिन बंद पडलं तर? तर विमान दगडासारखं पडत नाही, तरंगत खाली येतं. हजार फूट उंचीला अंदाजे अडीच किलोमीटर. आम्ही साडेपाच हजार फुटांवर, पाण्यापासून जवळपास पाच हजार, म्हणजे बारा किलोमीटर हातात. मॅकिनॉचा पूल साधारण आठ किलोमीटर लांब, खालचं पाणी तेवढंही रुंद नाही, म्हणजे कुठेही बंद पडलं तरी किनारा मिळतो. हेच गणित लेक मिशिगनच्या मध्यावर बसत नाही, तिथे अर्ध्या-पाऊण तासाच्या क्रॉसिंगमध्ये मधला बराच वेळ असा जातो की पुढचाही किनारा नाही आणि मागचाही, आणि ते पाणी जुलैतसुद्धा गार. बरेच जण जातात. लेकपलीकडच्या ऑशकॉशच्या एअर शोला जाताना मी शिकागोला वळसा घालून जातो, तास जास्त लागतो, आमचा शिक्षक मला त्यावरून चिडवतो, चिडवू दे.

पूल १९५७चा, वरून बघितला की दोन्ही टोकं एकदम दिसतात. बाबांनी तेव्हा हात सोडले आणि मोबाइल काढला.

बेटावर १८९८पासून मोटारींना बंदी. एअरपोर्टवर उतरलात की पुढे घोडागाडी. आई दोन मिनिटं आजूबाजूला बघत राहिली, घोडे, लीद, लाल-पांढरी हॉटेलं, दुकानात फजच्या वड्या कापताहेत, आणि मग म्हणाली, "अरे, हे तर माथेरान." एवढा खटाटोप, सिलिंडर, ढग, पेट्रोल, आणि शेवटी माथेरान. फजपेक्षा चिक्की बरी हे तिचं मत, माझंही.

येताना दुपारच्या उन्हाने हवा उसळत होती, विमान खड्ड्यातून गेल्यासारखं दणके खात होतं आणि आई मागे गाढ झोपली. घरी आल्यावर बाबांनी डायरी उघडली. माझ्या लायसन्सवर पैसे घेऊन कुणाला नेता येत नाही, खर्च वाटून घेता येतो आणि त्यात माझा वाटा मला भरावाच लागतो, हे मी त्यांना एकदा सांगितलं होतं, आणि आयुष्यभर बँकेत काढलेला माणूस ते विसरतो का. त्यांनी पेट्रोलचा आकडा लिहिला, चाराने भागला, आपला आणि आईचा हिस्सा पाकिटात घालून माझ्यासमोर ठेवला. मी म्हटलं, बाबा, सकाळचे ते पाच गॅलन धरले का? त्यांनी चष्मा वर केला.

"ते तुझे. आम्ही तेव्हा बाकावर होतो."